भरल्या डाल्याचे ब्रेक

जुनी गाडी कुठेही उभी केली की माणसं आधी बॉनेटकडे जमतात. इंजिन बघतात, हॉर्न दाबून बघतात, ॲव्हरेज विचारतात. माझ्या ओळखीत जुन्या गाड्यांवर जीव टाकणारी बरीच मंडळी आहेत. रंगाची नेमकी छटा मिळावी म्हणून ती नागपूरच्या सीए रोडची दुकानं पालथी घालतात, काचेच्या रबरासाठी दुसऱ्या राज्यात माणूस धाडतात. मागच्या चाकाशी वाकून ‘ड्रम शेवटचे कधी उघडले होते?’ असं विचारणारा मात्र क्वचितच भेटतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बिडाचं भांडं, ब्रेक लागतो तो त्याच्या आत. मला हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारावासा वाटतो. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच्या आदल्या आठवड्यात ड्रम उघडून बघायची रीत पडली असती तर किती बरं झालं असतं.

आमची गाडी म्हणजे महिंद्राची लांब चॅसीची जीप, मागे पत्र्याचा डाला. मूळ आराखडा अमेरिकेतल्या विलीस जीपचा. मामांनी ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घेतली. काटोलच्या पुढे त्यांचा संत्र्याचा बगिचा आहे. आंबियाची फळं दिवाळीच्या आगेमागे निघतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि दोन्ही बहारांची फळं या डाल्यानं नागपूरला आणली. आधी स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटात, पुढे व्यवहार हलला तेव्हा कळमन्यात. कधी भाव बरा मिळतो म्हणून छिंदवाड्यालाही. त्या वाटेवर सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. नागपूरच्या माणसाला घाटाची सवय नसते. आपल्याकडे चढ म्हणजे फार तर सेमिनरी हिल्स नाहीतर रामटेकची टेकडी. त्यामुळे त्या घाटाच्या गोष्टी मामांकडे भरपूर आहेत आणि त्या सगळ्या ब्रेकच्याच आहेत.

पिकअपचे मागचे ब्रेक इतके महत्त्वाचे का, हे त्या गोष्टी ऐकतानाच मला समजत गेलं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. पुढच्या चाकांवरचा भार वाढतो, मागच्यांवरचा उतरतो. म्हणून या जीपमध्ये पुढच्या चाकांचे सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबानं ब्रेक ढकलणाऱ्या नळ्या, मोठ्या व्यासाचे आणि मागचे लहान व्यासाचे आहेत. पायाचा दाब तेवढाच, पण पुढच्या शूंना, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल तुकड्यांना, जास्त जोर मिळतो आणि मागच्यांना कमी. डाला रिकामा असताना हे प्रमाण अगदी योग्य असतं. रिकाम्या पिकअपला मागे वजनच नसतं; तिथे ब्रेक जास्त लागला तर पावसात मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. पण डाल्यात कॅरेटवर कॅरेट रचली की सगळं गणित पालटतं. आता भार मागच्या ॲक्सलवर आहे, टायरची रस्त्यावरची पकड मागे आहे, आणि एरवी निवांत असलेल्या मागच्या शूंना खरं काम लागलेलं आहे. नव्या पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. डाला जितका खाली बसेल तितका तो मागचा दाब वाढवू देतो. आमच्या गाडीत असं काही नाही. तिचे मागचे ब्रेक धडधाकट असतील तेवढीच तिची माल वाहायची ऐपत, मग डाल्याच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे आणि ती जुन्या जीपवाल्या प्रत्येकानं समजून घ्यावी. या गाडीत मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा सिलिंडर, एकेरी आहे. एकच पिस्टन, एकाच दाबाचं ऑइल, त्यालाच चारही चाकं जोडलेली. आजच्या गाडीत दोन वेगळ्या वाटा असतात. एक फुटली तरी दुसरीवर निम्मी चाकं थांबतात. इथे मागच्या डाव्या सिलिंडरचा एक रबरी कप फाटला की ऑइल तिथून निघून जातं, पेडल सरळ तळाला जातं, आणि पुढच्या शूंवर नवेकोरे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे पट्टे, असूनही काही उपयोग होत नाही. म्हणजे मागे दुर्लक्ष केलं की पुढचेही ब्रेक गेले.

आमच्या गाडीत तेच सुरू झालं होतं. मास्टर सिलिंडरमधलं ऑइल हळूहळू उतरायचं, पण गाडीखाली थेंब दिसायचा नाही. असं दिसलं की संशय ड्रमवर घ्यावा, कारण गळकं ऑइल आधी ड्रमच्या आत साठतं, लायनर ते पितो आणि बाहेर खूण यायला वेळ लागतो. मग डाव्या टायरच्या आतल्या बाजूला ओल आली. ते ब्रेक ऑइल आहे की ॲक्सलचं, हे बोटावर कळतं. ब्रेक ऑइल पातळ, निसरडं, पाण्यानं धुतलं की जातं. ॲक्सलचं नव्वद नंबरचं ऑइल बोटाला चिकटून राहतं आणि त्याला गंधकासारखा उग्र दर्प असतो. आमच्याकडे दोन्ही निघालं.

मिस्त्री आमच्या घरी अंगणातच काम करायला आले. वय झालेलं, हात अजून भक्कम. त्यांना आधी पटेना. ‘‘भाऊ, मांगचं काऊन खोलून राहिले? समोरचे ब्रेक मस्त लागून राहिले न.’’ मी त्यांना डाव्या चाकाची ओल दाखवली. त्यांनी बोट लावलं, वास घेतला, आणि मग स्वतःच म्हणाले, ‘‘मंग दोन्हीकडचं करू. एकीकडचं करून नाई जमत.’’ हे मात्र मला मनापासून पटलं. एका ॲक्सलवर एका बाजूला नवा लायनर आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला, तेलकट लायनर ठेवला तर दोन चाकं दोन वेगळ्या वेळी धरतात. भरल्या डाल्याला तो झटका कसा बसतो ते सिल्लेवानीत मामांनी अनुभवलेलं आहे.

जॅक लावण्याआधी एक गोष्ट, जी लोकांना माहीत नसते आणि जिच्यामुळे माणूस गाडीखाली चिरडू शकतो. या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांत नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर बसवलेल्या छोट्या ड्रमवर असतो. गाडी चारही चाकांवर उभी असताना तो घट्ट धरतो. पण एक मागचं चाक जॅकवर उचललं की डिफरन्शिअलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, शाफ्ट अडकलेला असतानाही उचललेलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं. म्हणजे हँडब्रेक ओढलेला, तरी गाडी सरकते! गिअरमध्ये टाकून ठेवली तरी तेच, कारण गिअरही त्या शाफ्टलाच अडवतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावायचे आणि ॲक्सलखाली टेकूच्या दोन घोड्या ठेवूनच चाक काढायचं. मिस्त्रींनी जाड लाकडी ठोकळे आणले होते, ते मला दगडांपेक्षाही बरे वाटले.

चाक निघतं सहज, ड्रम नाही. ड्रम हबसकट निघतो, आणि आमच्या गाडीत मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, निमुळत्या (टेपर) शाफ्टवर चावी घालून बसवलेला आहे, वर मोठा नट आणि त्यात स्प्लिट पिन. इतक्या वर्षांत तो टेपर शाफ्टवर असा बसतो की हातानं हलतच नाही. इथे बरेच जण हातोडा घेऊन शाफ्टच्या टोकावर घाव घालतात. तो घाव सरळ आत बेअरिंगपर्यंत जातो आणि थांबायच्या कामापायी चालायचं काम बिघडतं. हब ओढून काढणारा पुलरच लावायचा. नट पूर्ण काढायचा नाही. काही आटे ढिला करून शाफ्टवरच ठेवायचा, म्हणजे हब सुटला तरी अंगावर उडत नाही. मिस्त्रींनी पुलर ताणला, थोडा वेळ तसाच सोडला, परत ताणला. मग गोळी सुटावी असा आवाज झाला आणि हब मोकळा झाला. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या, काय फुटलं ते बघायला.

ड्रम निघाल्यावर पहिला मोह होतो तो फुंकर मारायचा, नाहीतर कॉम्प्रेसरची हवा मारायचा. तो मोह आवरावा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की कायमचे तिथेच राहतात. आम्ही आतली धूळ पाण्यानं भिजवून ओल्या फडक्यानं पुसली आणि ती फडकी पिशवीत बांधून टाकून दिली. मिस्त्रींना हे नवीन होतं. आयुष्यभर त्यांनी हवाच मारली होती. त्यांनी माझं ऐकलं, तोंडाला दुपट्टा बांधला, आणि नंतर दुसऱ्या चाकाच्या वेळी स्वतःहून बादली मागितली. त्या पिढीच्या मिस्त्रींनी किती धूळ छातीत घेतली असेल, या विचारानं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

आतली रचना बघण्यासारखी आहे. वर सिलिंडर, खाली दोन अँकर पिना, मध्ये दोन शू आणि त्यांना आत ओढणारी स्प्रिंग. दोन्ही लायनर सारखे नाहीत, एकाच ड्रममधल्या पुढच्या बाजूच्या शूचा लांब आणि मागच्या बाजूच्याचा आखूड. यामागचं कारण मला फार आवडतं. गाडी पुढे जात असताना ड्रम पुढच्या शूला वरून खाली, त्याच्या पिनेच्या दिशेनं ओढत नेतो. त्या ओढीनं शू आणखी घट्ट ड्रमला भिडतो. म्हणजे फिरणारं चाकच स्वतःला थांबवायला हातभार लावतं. मागच्या शूच्या बाबतीत उलटं घडतं; ड्रम त्याला ढकलून दूर सारतो. म्हणून कष्ट जास्त पुढच्या शूचे, झीजही त्याचीच जास्त, आणि म्हणून त्याला लायनर लांब. गाडी रिव्हर्स घेतली की दोघांची कामं बदलतात. आतून फाकणाऱ्या शूंचा ड्रम ब्रेक १९०२ मध्ये लुई रेनॉनं मोटारीत आणला असं मानतात. एका पायाच्या बळावर टनभर माल थांबवता येतो तो या ओढीच्या जोरावर. शू परत बसवताना लांब-आखूडची अदलाबदल झाली तर गाडी थांबते खरी, पण लायनर वेळेआधी संपतो आणि का संपला ते कोणाला कळत नाही. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे एकदा उघडून नक्की बघा.

आमच्या डाव्या लायनरवर रिबिटची डोकी वर आली होती आणि ड्रमवर त्यांनी गोल चरे पाडले होते. वरून तो तेलानं काळा पडलेला. अशा लायनरला स्टोव्हवर भाजून तेल जाळायची एक जुनी पद्धत आहे. मी ती करू दिली नाही. वरचं तेल जळतं, आतलं तसंच राहतं, आणि घाटात ड्रम तापला की ते पुन्हा वर येतं, म्हणजे नेमकं जेव्हा ब्रेक हवा तेव्हाच. तेल प्यालेला लायनर फेकायचा आणि ते तेल जिथून आलं ते ॲक्सलचं सीलही त्याच वेळी बदलायचं. सील तसंच ठेवून नवा लायनर घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

शू घेऊन मी वाडीला गेलो. अमरावती रोडला ट्रकवाल्यांच्या त्या पट्ट्यात अजून लायनर मारून देणारे कारागीर आहेत. आता बहुतेक गाड्यांना लायनर चिकटवलेले तयार शू मिळतात. जुना शू ठेवून त्यावर नवा लायनर रिबिट करणारे हात कमी होत चालले आहेत. मी तिथे बराच वेळ उभा राहून बघितलं. कारागिरानं आधी जुनी रिबिटं ड्रिलनं काढली, शूची पाठ तारेच्या ब्रशनं अगदी लखलखीत घासली. गंजाचा एक कण जरी मध्ये राहिला तरी लायनर तिथे उचललेला राहतो आणि पुढे तडकतो. मग लायनर ठेवून मधल्या भोकापासून सुरुवात केली. मधलं रिबिट, मग त्याच्या डावीकडचं, मग उजवीकडचं, असं टोकांकडे. टोकाकडून सुरुवात केली तर मध्ये फुगा राहतो. पितळी रिबिटाची नळी मशीनच्या दाबाखाली फुलासारखी उमलून शूच्या पाठीवर बसत होती. प्रत्येक रिबिट बसलं की तो शू उजेडाकडे धरून कड बघायचा, लायनर आणि शूच्या मधून प्रकाश येतो का ते. शेवटी दोन्ही टोकांच्या कडा कानशीनं उतरवल्या, म्हणजे ब्रेक लावताना त्या ड्रमला टोचत नाहीत. पूर्ण वेळ तो काही बोलला नाही. निघताना फक्त एवढंच म्हणाला, ‘‘ड्रम लेथवर मारल्याशिवाय हे बसवू नका. चऱ्यावर नवा लायनर नाई टिकत.’’

आतून कातून घ्यायला ड्रम मी लेथवर नेलेच होते. त्याआधी घरी ते दोरीला टांगून हातोडीनं हलकेच वाजवून बघितले. चांगलं बीड खणखणीत वाजतं आणि नाद टिकतो. तडा असला की आवाज बद्द येतो. दोन्ही खणखणीत निघाले. लेथवाल्याला मी एकच अट घातली होती, दोन्ही ड्रमचा आतला व्यास सारखा करायचा, भले एक त्यासाठी थोडा जास्त घ्यावा लागला तरी. आणि व्यास मर्यादेपलीकडे जाता कामा नये. ड्रम जितका पातळ होतो तितका तो लवकर तापतो, आणि तापला की फुगून शूपासून लांब जातो. घाटात पेडल हळूहळू खाली जायला लागतं त्याचं एक कारण हेच. मामा सिल्लेवानी कायम दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचे. ‘इंजिननं धरायचं, ब्रेकनं थांबायचं’ असं ते आम्हा पोट्ट्यांना सांगायचे. तेव्हा ते बोलणं कानावरून जायचं. आता ड्रम हातात धरला की त्यातला शब्द न् शब्द समजतो.

सिलिंडरच्या बाबतीत मी मिस्त्रींशी थोडा वाद घातला. त्यांचं म्हणणं, कप बदलू, सिलिंडर पॉलिश पेपरनं घासू, काम होऊन जाईल. आतून बोट फिरवलं तर खालच्या बाजूला गंजाचे खड्डे लागत होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते पाणी तळाशी राहतं आणि गंज तिथूनच धरतो. खड्ड्यावरून कप रोज पुढे-मागे होणार, कड कापली जाणार, आणि पुन्हा गळती. एकेरी मास्टर सिलिंडरच्या गाडीत हा धोका मला पत्करायचा नव्हता. नवे सिलिंडर घेतले. मिस्त्री म्हणाले, ‘‘तुमची गाडी, तुमचा जीव, बराबर हाय.’’ मनापासूनच म्हणाले, कारण त्यानंतर प्रत्येक नट त्यांनी स्वतः दोनदा तपासला.

कप घालताना ग्रीस लावायचं नाही, डिझेलनं धुवायचं नाही. खनिज तेल लागलं की ब्रेकचं रबर फुगतं. धुवायचं ते ब्रेक ऑइलनंच. आणि ऑइलही साधं डॉट ३. ताज्या बाटलीत ते २०५ अंशांच्या पुढे उकळतं. ओल शोषल्यावर तेच १४० च्या आसपास उकळायला लागतं. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. म्हणून अर्धी उरलेली, वर्षभर फडताळात पडलेली बाटली वापरू नये. पावसाळ्यानंतर तर नाहीच.

बसवणी झाली ती निवांत. अँकर पिना साफ करून त्यांना जेमतेम ग्रीस, बॅकप्लेटवर, म्हणजे शूंमागच्या पत्र्यावर, शू जिथे घासतो तिथे जरासं, आणि लायनरला ग्रीसचा हात लागू न देता. मग मिस्त्रींनी एक गोष्ट केली जी मी कुठे वाचली नव्हती. मुलीच्या शाळेचा पांढरा खडू मागितला आणि नव्या लायनरवर आडवा-उभा घासला. ड्रम चढवला, शू बाहेरून जरा जवळ आणले, हातानं ड्रम एक फेरा फिरवला आणि परत काढला. जिथे लायनर ड्रमला लागला तिथला खडू पुसला गेला होता. पुढच्या शूवर वरच्या टोकालाच पुसलेला, मध्ये तसाच. त्यांनी अँकर पिनेला जरा फिरवून शू किंचित खाली घेतला. ती पिन मुद्दाम केंद्रापासून सरकवलेली असते, फिरवली की शूची जागा बदलते. पुन्हा खडू, पुन्हा फेरा. लायनरच्या बहुतेक लांबीवर खडू एकसारखा पुसला जाईपर्यंत हे चाललं. मुलगी बाजूला बसून हे सगळं एकटक बघत होती. तिनं खडूचं कारण विचारलं तेव्हा मिस्त्रींनी तिला ड्रम फिरवायला दिला.

ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायच्या वेळी मुलगी पेडलवर बसली. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं, आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. चाकामागच्या हवा काढायच्या निपलला नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. गाडीखालून मिस्त्री ‘‘दाब... धरून ठेव... सोड’’ म्हणायचे आणि वरून ती प्रत्येक शब्द परत उच्चारायची, ‘‘दाबलं... धरलं... सोडलं.’’ ही पद्धत तिची तिनंच काढली आणि ती फार उपयोगी आहे. निपल उघडी असताना वरच्यानं पाय सोडला तर हवा परत आत जाते; दोघांचं बोलणं जुळलं की ते घडत नाही. बुडबुडे थांबले, पेडल वरच कडक लागायला लागलं. सांडलेलं ऑइल लगेच पाण्यानं धुतलं, कारण ते रंग खातं.

जुन्या जीपला डिस्क ब्रेक बसवून घ्या, असा सल्ला मला वारंवार मिळतो. पुढच्या चाकांसाठी तो विचार वाईट नाही, वेगात चालणाऱ्या गाडीला तर योग्यच. पण मागे, या गाडीला, मला ड्रमच हवे आहेत. बगिच्यातल्या वाटांवर पावसाळ्यात चाकं काळ्या मातीत अर्धी बुडतात; बंद ड्रममध्ये चिखल शिरायला वेळ लागतो. आणि शू स्वतःच ड्रमला ओढून घेत असल्यामुळे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरशिवाय, फक्त पायाच्या जोरावर ते लागतात. या गाडीला बूस्टर नाही. डिस्कला ती मदत नसते, तिथे सगळा जोर पायानंच द्यावा लागतो. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूप राखलेली गाडी असेल तर तिला वेगळी नंबरप्लेट मिळते, पण मग ती कमाईच्या कामाला वापरता येत नाही. आमच्या गाडीला तो मान मी अजून मागितलेला नाही. मामांच्या बगिच्यातली फळं ती अजून वाहते आणि ते काम तिचं मला काढून घ्यायचं नाही.

चाचणी काटोल रोडवर घेतली, गोरेवाडा मागे टाकून, भल्या सकाळी रस्ता मोकळा असताना. नवा लायनर लगेच जोरात लावायचा नसतो. आधी हळू वेगात हलके ब्रेक, मध्ये गार व्हायला वेळ, मग थोडा वेग वाढवून पुन्हा. लायनर आणि ड्रम एकमेकांना घासून बसले की पकड वाढत जाते, ते पायाला कळतं. फेटरीच्या पुढे उतरून मी मामा करायचे ती चाचणी केली. दोन्ही मागच्या हबजवळ हात नेला. एक गरम आणि एक गार असेल तर गारवाला काम करत नाही किंवा गरमवाला अडकतोय. दोन्ही सारखेच कोमट होते.

तिथूनच मामांना फोन लावला. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण ब्रेकचं नाव काढल्यावर सगळं ऐकू आलं. आधी विचारलं, ‘‘हात लावून पाह्यला का?’’ मग, ‘‘दोन्हीकडे सारखं हाय का?’’ मग थोडं थांबून, ‘‘आता या बहाराची फळं घेऊन जा, पण पहिल्या खेपेला निम्माच डाला भर. कळमन्याला पोचला की चाकं परत उचल आन् शू जवळ घे, लायनर बसला की जागा पडते. मंग दुसऱ्या खेपेले पुरा भरजो.’’ मी तसंच केलं. निम्म्या डाल्यानं गाडी सरळ रेषेत थांबली. शू जवळ घेतल्यावर पेडल पुन्हा वर आलं आणि पुढची खेप भरल्या डाल्यानं झाली. आता रबरी होजची पाळी आहे, पुढचे दोन आणि मागचा एक. वरून ते ठीक दिसतात, पण वाकवले की बारीक तडे उघडतात, आणि एकाच वाटेच्या ब्रेकमध्ये तेवढं पुरेसं आहे. नवे घेताना त्यांच्यावर छापलेला महिना आणि वर्ष बघूनच घेईन. मिस्त्रींना पुढच्या रविवारी बोलावलं आहे आणि पेडलवर कोण बसणार ते घरात आधीच ठरलं आहे.